वॅटच्या वाटेने जाताना

मुलगा बेंगळुरूला, सून पुण्याची, नातवंडं घरात तीन भाषा बोलतात, घराचं कर्ज फिटलेलं. अशा वेळी एका संध्याकाळी फोन येतो, ‘बाबा, आयुष्यभर आमच्यासाठी केलंत, आता तुमच्या हौसेचं काहीतरी घेऊया.’ आमच्या सीमाभागातल्या घरांत हे आता नवलाचं राहिलेलं नाही. आणि बाबांची हौस म्हणजे बहुधा गाणं. हा पट्टाच तसा आहे. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी ही नावं इथे घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी घेतली जातात. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी तर बेळगावच्या उशाशीच. मग एखाद्या रविवारी बापलेक मोठ्या शहरातल्या थंडगार शोरूममध्ये जातात, दोघांनी मिळून उचलावा लागेल असा एक पेटारा बघतात, किंमत ऐकून चहा मागवतात, आणि घरी येतात ते दोन माहितीपत्रकं आणि एक वाद घेऊन. हा घ्यायचा की तो?

हा पेटारा म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर. उत्तम प्रतीचा घ्यायचा तर किंमत लाखांत जाते, आणि एकदा घेतला की पंधरा-वीस वर्षं तोच. त्यामुळे वाद व्हायलाच हवा, पण तो नीट मुद्द्यांवर व्हावा. आज त्याविषयी थोडं सविस्तर.

पाणी टाकीचं, हात तोटीवर

रेकॉर्ड प्लेअर असो, सीडी असो किंवा इंटरनेटवरून येणारं गाणं असो, त्या यंत्रातून निघणारा संदेश दुबळा असतो. स्पीकरचा पडदा पुढेमागे ढकलण्याची ताकद त्याच्यात नसते. साध्या संचात आवाज कमी-जास्त करणारा भाग आणि ताकद देणारा भाग एकाच डब्यात असतात. त्याला इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर म्हणतात. महागड्या संचात ही दोन कामं दोन डब्यांत वाटलेली असतात, प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प.

पॉवर ॲम्प बारीक आवाज फुगवून मोठा करतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात स्पीकरकडे जाणारी वीज भिंतीतल्या सॉकेटमधूनच येते. गाण्याचा संदेश फक्त तोटीवर हात ठेवून असतो. टाकी किती मोठी, पाइप किती रुंद आणि तोटी किती बिनचूक फिरते, या तीन गोष्टींवर सारा खेळ. टाकी म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर. पेटाऱ्याचं वजन मुख्यतः त्यांचं आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पंखांचं असतं. नुसत्या वजनावर भाळू नये. पण जड यंत्र उगाच जड नसतं, हेही खरं.

चार घराणी

गाण्यात जशी घराणी, तशीच इथेही आहेत. मुख्य चार.

पहिलं व्हॉल्व्हचं. जुन्या रेडिओच्या मागे तांबूस उजेड दिसायचा, त्याच काचेच्या नळ्या. अमेरिकेतल्या मॅकिंटॉश कंपनीचा एमसी २७५ हा दर बाजूला ७५ वॅटचा ॲम्प १९६१ साली आला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या या शतकातही निघाल्या. यावरून या घराण्याचे भक्त किती चिवट ते कळावं. नळ्या मात्र झिजतात, काही हजार तासांनी बदलाव्या लागतात, आणि आत काही शे व्होल्टचा दाब असतो. नातवंडं रांगती असतील तर विचार करावा.

दुसरं क्लास ए. यात गाणं चालू असो वा नसो, ट्रान्झिस्टरमधून प्रवाह सतत पूर्ण जोराने वाहत असतो. सिग्नलला उभी राहिलेली रिक्षा जशी चालक रेस देतच ठेवतो, तसं. आवाज अतिशय नितळ, पण डबा तापतो. अमेरिकेतले नेल्सन पास यांनी १९९१ साली पास लॅब्ज काढली, तिचं नाव या घराण्यात आदराने घेतात. जपानमधल्या योकोहामाची अक्युफेज ही १९७२ सालची कंपनी. तिची ‘ए’ मालिका क्लास ए, तर ‘पी’ मालिका पुढच्या घराण्यातली.

ते तिसरं घराणं क्लास एबी. ध्वनीच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एका ट्रान्झिस्टरने उचलायचा, खालचा दुसऱ्याने. पालखीचे भोई खांदा बदलतात, तसं. खांदा बदलताना पालखीला हिसका बसला तर आतला देव हलतो. इथे त्या हिसक्याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात, आणि तो मोठ्या आवाजापेक्षा हळुवार जागी जास्त बोचतो. म्हणून एबीमध्ये दोन्ही भोई क्षणभर एकत्र खांदा देतात. ताप कमी, ताकद भरपूर. जगातले बहुतेक मोठे ॲम्प याच घराण्यातले. कॅनडाची ब्रायस्टन कंपनी आपल्या अशा ॲम्पना वीस वर्षांची हमी देत आली आहे. आपल्याकडे मिक्सरलाही इतकी हमी मिळत नाही!

चौथं क्लास डी. ‘डी’ म्हणजे डिजिटल असं दुकानदारही सांगतात, ते खरं नव्हे. ए, बी, सीनंतरचं अक्षर एवढाच त्याचा अर्थ. यात ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, आणि चालू-बंदच्या प्रमाणातून गाण्याची लाट घडते. घेतलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग कामी येतो, त्यामुळे डबा लहान आणि थंड. ब्रिटनमध्ये सिंक्लेअरने १९६४च्या सुमारास असा संच विकायला काढला होता, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर त्या वेगाला पुरे पडले नाहीत. बेल्जियमचे ब्रुनो पुटझेस यांनी आधी फिलिप्समध्ये, मग हायपेक्समध्ये आणि पुढे प्युरिफाय कंपनीत या तंत्राला आकार दिला. प्युरिफायचं २०१९ सालचं मॉड्यूल मोजमापात कित्येक जुन्या दिग्गजांपेक्षा सरस ठरलं. ‘डी म्हणजे मोटारीतला धडधडाट’ हे मत आता जुनं झालं.

या बहुतेक सगळ्या घराण्यांचा एक सामाईक गुरू आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे हॅरॉल्ड ब्लॅक १९२७ साली एका सकाळी फेरीबोटीने कामावर जात होते. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत दिला, तर यंत्र आपली चूक आपणच सुधारेल, असं त्यांना सुचलं. हाताशी असलेल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ते टिपून घेतलं. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. गवई तंबोऱ्याकडे कान ठेवून आपला सूर सांभाळतो, त्याच जातीची ही युक्ती.

किती वॅट साकु?

आता लाखमोलाचा प्रश्न. दुकानात पहिलं वाक्य ‘साहेब, हा तीनशे वॅटचा आहे’ असं असतं. त्यावर आपण विचारायला हवं, ‘कोणत्या स्पीकरसाठी?’

प्रत्येक स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो. समजा तो ८७ डेसिबल आहे. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. आपण बसतो तीनेक मीटरवर, म्हणजे नऊ-दहा फुटांवर. अंतराने आवाज घटतो, पण दुसरा स्पीकर आणि भिंती त्यातला काही परत देतात. खोलीगणिक फरक पडेल, तरी आपल्या खुर्चीपाशी ८१ डेसिबलच्या आसपास उरतात असं धरू.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर आपण गाणं ऐकतो ते सरासरी सत्तर-बहात्तर डेसिबलला. म्हणजे एक वॅटही लागत नाही, त्याचा आठवा भाग पुरतो! पण तबल्याची थाप, तानेची झेप, सम गाठताना होणारा कडाका हे क्षण सरासरीच्या वीस डेसिबलपर्यंत वर जाऊ शकतात. बहात्तर आणि वीस, ब्याण्णव. एक्याऐंशीपेक्षा अकरा डेसिबल जास्त. अकरा डेसिबलना सुमारे तेरा वॅट लागतात. झालं.

आता दुसरं घर घ्या. पोरं मित्रांना घेऊन येतात, सरासरी ८५ डेसिबलला इंग्रजी बँड लावतात, शिखरं १०५ला जातात. एक्याऐंशीपेक्षा चोवीस डेसिबल जास्त. त्याला वॅट लागतात अडीचशे! स्पीकर तेच, खोली तीच, गरज जवळजवळ वीसपट.

यातला हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. वॅट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात, आणि तेवढा फरक कानाला ‘जरा मोठा’ इतपतच वाटतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे शंभरच्या जागी दीडशे वॅटचा ॲम्प घेण्यासाठी लाखभर जास्त मोजणं म्हणजे सव्वा शेर दुधासाठी दुसरी म्हैस बांधणं. उलट ८७ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर निवडला, तर फुकटात वॅट दुप्पट केल्यासारखं होतं.

वॅटइतकाच महत्त्वाचा आकडा ओहमचा. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असलं तरी तो आकडा स्वरागणिक बदलतो. काही स्पीकर खर्जाच्या भागात तीन ओहमपर्यंत उतरतात. तेव्हा तोटीतून एकदम जास्त पाणी जायला हवं. ज्या ॲम्पची टाकी मोठी, तो ८ ओहमला शंभर वॅट देत असेल तर ४ ओहमला दोनशेच्या जवळ जातो. ज्याची लहान, तो सव्वाशेवर दमतो. माहितीपत्रकात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. चारशे वॅटची जाहिरात करून ४ ओहमचा आकडाच न छापणाऱ्यापेक्षा, शंभराचे एकशेनव्वद छापणारा प्रामाणिक समजावा.

खरंच फरक ऐकू येतो का?

हा प्रश्न विचारला की हौशी मंडळींत सीमाप्रश्नापेक्षा मोठा वाद होतो. दोन घटना सांगतो, निकाल आपण लावा.

ब्रिटनच्या क्वाड कंपनीचे तीन ॲम्प होते: १९५३ सालचा व्हॉल्व्हचा, १९६७चा ट्रान्झिस्टरचा आणि १९७५चा नव्या पद्धतीचा, ४०५ क्रमांकाचा. १९७८ साली या तिन्हींची पडद्याआड ठेवून तुलना झाली. ऐकणाऱ्यांत जाणकार होते. तरी कोणता कुठला, हे नशिबापेक्षा जास्त वेळा कुणाला सांगता आलं नाही.

दुसरी १९८५ची. अमेरिकेतले बॉब कार्व्हर म्हणाले, तुम्ही सांगाल त्या महागड्या ॲम्पसारखा आवाज मी माझ्या स्वस्त ॲम्पमधून काढून दाखवतो. ‘स्टिरिओफाइल’ या नियतकालिकाने आव्हान स्वीकारलं. कार्व्हरनी दोन्ही ॲम्पच्या संदेशांची वजाबाकी करत, उरलेला फरक ७० डेसिबल खाली जाईपर्यंत आपल्या ॲम्पमध्ये बदल केले. मग त्या संपादकांना दोहोंतला फरक ओळखता आला नाही.

म्हणजे सगळे ॲम्प सारखेच? नाही. दोन्ही गोष्टींचा अर्थ नीट घ्यायला हवा. कार्व्हरना बदल करावे लागले, म्हणजे आधी फरक होता. व्हॉल्व्हच्या बऱ्याच ॲम्पचा स्पीकरशी असा काही मेळ जमतो की काही पट्ट्या किंचित उचलल्या जातात, काही दबतात. तो फरक खरा आणि ऐकू येणारा. ताकद कमी पडून शिखर कापलं जातं, तो फरक खरा. फार संवेदनशील स्पीकरवर शांततेत ऐकू येणारी सळसळ, तीही खरी. पण दोन उत्तम बनावटीचे ट्रान्झिस्टर ॲम्प आपापल्या ताकदीच्या आत चालत असतील, तर उरणारा फरक इतका बारीक असतो की तो डोळ्यांनीच जास्त ऐकू येतो.

म्हणून घरी परीक्षा घ्यायची ती अशी. मोठी खरेदी असेल तर विक्रेते शनिवार-रविवारपुरतं यंत्र घरी देतात. मागायला लाजू नये. दोन्ही ॲम्पचा आवाज आधी सारखा करा, तोही कानाने नव्हे, मल्टिमीटरने. शंभर हर्ट्झच्या आसपासचा एकसारखा सूर लावून स्पीकरच्या तारांवरचा व्होल्ट मोजा. एकावर २.०० आला तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२च्या आत हवा. कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘चांगला’ वाटतो, आणि ही युक्ती विकणाऱ्यांना पाठ असते. तारा जोडता-काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. मग डबे पडद्याआड, अदलाबदल करायला तिसरा माणूस, आणि आपण फक्त कागदावर खुणा करायच्या.

लावायचं काय? शोरूमची चकचकीत तबकडी नको. आपल्याला पाठ असलेलं गाणं. पुरुष गायकाच्या काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळ असतो, आणि जवारीतून निघणारे उपस्वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढत जातात. एकाच तारेत खालपासून वरपर्यंतची परीक्षा. गाणं सुरू व्हायच्या आधीचा, नुसत्या तंबोऱ्याचा अर्धा मिनिट ऐका. मग बाह्याची मीण्ड ऐका, घुमारा पसरट होतो की आकार धरून राहतो. भीमसेनजींनी मराठीत अभंगवाणी गाजवली आणि कन्नडमध्ये दासवाणी. आपल्या घरांत दोन्ही असतात. शब्दांची टोकं दोन्ही भाषांत ऐकून पाहा. शिलाखाच्या जुन्या रेकॉर्डवरून मात्र निवाडा करू नका, त्यात वरच्या पट्ट्या मुळातच फारशा नसतात.

आपल्या घरची वीज

परदेशी नियतकालिकांत न लिहिलेला भाग हा.

दर बाजूला तीस वॅटचा क्लास ए ॲम्प नुसता चालू असला तरी दोनशे ते अडीचशे वॅट वीज खातो. रोज चार तास ऐकलंत तर दिवसाला जवळजवळ एक युनिट, महिन्याला तीस. कर्नाटकात २०२३ साली गृहज्योती योजना आली, तिची मर्यादा दोनशे युनिटांची. आपलं घर एकशेऐंशीवर असेल तर ही हौस त्या रेषेपलीकडे नेऊन ठेवील. लाखांच्या खरेदीत हे शुल्लक वाटेल, पण दर महिन्याला बिल हातात कोण घेतं, त्यांना आधी विचारा.

उष्णतेचा दुसरा परिणाम आयुष्यावर होतो. आतल्या कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. म्हणून असा ॲम्प शोकेसच्या काचेआड कोंडू नये, वर क्रोशाचा रुमाल तर मुळीच घालू नये. उबेला पाली आणि मुंग्या येतात, हेही आपल्याकडचं वास्तव. जाळीतून शिरलेली एक पाल लाखाचा बोर्ड जाळू शकते.

अमेरिकेतून येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती ॲम्प मागवण्याचा मोह होतो. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानच्या देशी बाजारातला माल तर १०० व्होल्टचा. काही यंत्रांत बदल करता येतो, काहींत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो. शिवाय हमी बहुधा त्या देशापुरतीच. पन्नास किलोचा डबा दुरुस्तीसाठी बेंगळुरू किंवा मुंबईला पाठवायचा म्हणजे काय, ते लाकडी पेटी बनवून घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न ‘आवाज कसा’ हा असला, तरी दुसरा ‘बिघडला तर कोण बघणार’ हाच हवा.

मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर भरपूर प्रवाह ओढतो, कधी एमसीबी पडतो. वायरमनला सांगून स्वतंत्र लाइन आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. घुंईऽ असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तो सल्ला जिवावरचा आहे. आणि मेमधले वळवाचे ढग दिसले की प्लग काढून ठेवा.

एका घरची गोष्ट

टिळकवाडीतलं एक निवृत्त शिक्षकांचं घर. सरांचं घराणं मराठी, बाईंचं माहेर धारवाडचं. मुलाने पैसे पाठवले आणि निवड दोहोंवर आली: एक तीस वॅटचा क्लास ए, दुसरा तीनशे वॅटचा एबी. सरांचा ओढा पहिल्याकडे, मुलाचा दुसऱ्याकडे. विक्रेत्याने दोन्ही दोन दिवसांसाठी दिले. मला बोलावलं ते तारा बदलायला.

बारा बाय चौदाची खोली, ८७ डेसिबलचे स्पीकर. वर मांडलेला हिशोब तिथलाच आहे. आवाज सारखा करून, पडदा लावून वीस वेळा अदलाबदल केली. सर मन लावून खुणा करत होते. कागद तपासला तेव्हा नाणं उडवल्यावर यावा तसाच निकाल आला. सर हसले, पण जरा हिरमुसले.

बाई मात्र गप्प होत्या. मी विचारलं, ‘बाई, तुम्हाला कुठला आवडला?’ त्या म्हणाल्या, ‘दोन्हीत तंबोरा कुठाय? जुना सेट बिघडलाय म्हणून तंबोरा ऐकू येत नाही, असं मी दोन वर्षं समजत होते. नवा आला की येईल म्हणून तर हो म्हटलं.’

खोलीत कुणी काही बोललं नाही. तंबोरा दोन्ही ॲम्पमधून स्वच्छ झणकारत होता. सरांनी हळूच विचारलं, ‘फोनवर नातू बोलतो ते नीट कळतं ना?’ त्यावर बाईंनी पदर सारखा केला. ‘कळतं री. स, श, फ तेवढं सुटतं. मी अंदाजाने हं हं म्हणते.’

वय वाढतं तशा कानाच्या वरच्या पट्ट्या आधी जातात. साठीनंतर बहुतेकांना दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही, ते चालतं. पण ऱ्हास आणखी खाली उतरला की स, श, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात, आणि जवारीची झळाळीही. वॅट वाढवून ते भरून येत नाही. खालचे स्वर आणखी मोठे होतात, एवढंच. पुढच्या आठवड्यात कानाची तपासणी झाली, तक्त्यावरची रेघ उजवीकडे घसरलेली होती, आणि दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आली. पहिल्या दिवशी त्यांतून गाणं पत्र्यासारखं वाटलं. याचं कारण आहे. ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी बेतलेली असतात, आणि लांब धरलेला स्वर म्हणजे आपलीच शिट्टी समजून तो दाबायला जातात. तंबोरा, बासरी यांत नेमकं तेच होतं. ऑडिऑलॉजिस्टना हे सांगितलं की संगीतासाठी वेगळी मांडणी लावून मिळते. बाईंना ती लावून मिळाली.

मग ॲम्प? बाईंनीच निकाल दिला, ‘साकु बिडरी, एवढे मोठे कशाला!’ दोन्ही परत गेले. शंभर वॅटचा, ४ ओहमलाही दम न सोडणारा एबी घराण्यातला साधा इंटिग्रेटेड आला, ज्याचा दुरुस्ती करणारा माणूस एका फोनवर मिळतो. उरलेल्या पैशांत खोलीला जाड पडदे आणि एक सतरंजी. आता संध्याकाळी बाई आधी तंबोरा लागू देतात, मगच कुणाशी बोलतात.

तर निवडायचं कसं?

थोडक्यात असं. खोली लहान, स्पीकर सोपे, हळुवार ऐकणं आणि बिलाची काळजी नाही, तर क्लास ए खुशाल घ्या. तीस वॅट पुष्कळ झाले. स्पीकर अवघड, खोली मोठी, घरात तरुण मंडळी, तर दमदार एबी. जागा कमी, उकाडा नको, पैसे बेतात, तर चांगल्या मॉड्यूलचा क्लास डी, कुठलाही संकोच न बाळगता. नळ्यांचा उजेड बघत बसणं हाही आनंद वाटत असेल तर व्हॉल्व्ह, मात्र सुट्या नळ्या कुठे मिळतात ते आधी विचारून. पैसे वाटायचे तर आधी स्पीकर, मग खोली, मग ॲम्प. आणि या सगळ्याच्या आधी, घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाची एक कानाची तपासणी. तिचा खर्च या माहितीपत्रकांतल्या सगळ्यात स्वस्त तारेहूनही कमी असतो.